राजासाठी अंथरलेला पलंग

आमच्या नाशिकच्या घरात एक हॉल आहे आणि त्या हॉलमध्ये आम्ही बसत नाही. हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं इंग्लंड तुम्हाला नीट कळणार नाही. सोफ्यावर तो दुकानातून आला तेव्हाचं प्लॅस्टिक अजून आहे. शोकेसमध्ये निळ्या फुलांचा कपबशांचा सेट आहे. हे सगळं पाहुण्यांसाठी. पाहुणे येतात, पण आई दारातच त्यांचं माप घेते आणि बहुतेकांना स्टीलच्या पेल्यातला चहा मिळतो.

बाबा ओझरच्या विमान कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले त्या दिवशी म्हणाले होते, "आता तरी दुपारचा त्या सोफ्यावर बसत जाईन." आई म्हणाली, "खराब होईल." तेव्हापासून बाबा गॅलरीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत पेपर वाचतात. हल्ली त्यांचा गुडघा दुखतो, त्या बुटक्या खुर्चीतून उठताना ते कठड्याला धरतात. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मला मात्र ते लागून राहिलंय.

तर माझा धाकटा भाऊ अनिकेत इंग्लंडमध्ये डर्बीला नोकरीला आहे. त्याचा फोन आला, "ताई, दोघांना घेऊन ये, सप्टेंबरात हवा बरी असते." व्हिसाला महिना गेला. द्वारका सर्कलवरून कॅब केली, कसारा घाट उतरून मुंबई विमानतळ, तिथून थेट लंडन आणि पुढे ट्रेन. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर विमानतळावर व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा. बाबा "मी काय म्हातारा हाय का" म्हणाले, आणि मग ऐटीत बसले.

तिसऱ्या दिवशी अनिकेत आम्हाला गावाबाहेरचा एक जुना जमीनदारी महाल बघायला घेऊन गेला. डर्बीशायरमध्ये अशी घरं बरीच आहेत. यातली पुष्कळशी हिवाळ्यात बंद असतात, काही आठवड्यातले ठरावीक दिवसच उघडतात, तेव्हा बघून निघा. बस फाटकापाशी सोडते आणि पुढे मेंढ्यांच्या कुरणातून वीसेक मिनिटं चालायचं. तिकीट किती ते आईला रुपयांत सांगू नका, ही माझी कळकळीची सूचना.

मधाच्या रंगाचा दगड, खिडक्यांच्या सरळ रांगा, मधोमध रुंद पायऱ्या. आई पायऱ्या चढली, आत गालिचा दिसला आणि तिने बूट काढून भिंतीशी ठेवले. मग आमच्याकडे पाहिलं. आम्ही चांगल्या वळणाचे लोक, आम्हीही काढले. चार जोड ओळीने. आमच्यामागून आलेल्या इंग्रज जोडप्याने ती ओळ पाहिली आणि तो गृहस्थ मुकाट्याने वाकून नाड्या सोडू लागला. तेवढ्यात आतून पांढऱ्या केसांच्या एक बाई लगबगीने आल्या. त्या हौसेने तिथे माहिती सांगायचं काम करतात. बूट चालतात म्हणाल्या, मग गालिच्याकडे बघून पुढे म्हणाल्या, "पण आमचा गालिचा तुमचे आभार मानेल." मी भाषांतर केल्यावर आईने मोज्यांवरच आत जायचं ठरवलं. बाईंवर तिचा जीव जडला तो तिथेच.

दिवाणखान्यात काळ्यापांढऱ्या फरशीवर संगमरवरी खांब. बाबांनी बोटाच्या पेराने एकावर टकटक केलं. "लाकूड हाय हे." हात लावायची बंदी असल्याने मी ओशाळले, पण बाई हसल्या. तुमच्या वडिलांचं बरोबर आहे म्हणाल्या, लाकडावर रंगाने संगमरवराच्या शिरा काढल्या आहेत. "काम लय सफाईचं हाय," बाबांनी शेरा दिला. वरच्या छतावर चुन्याचे द्राक्षांचे घोस होते. आईचं माहेर निफाडचं, द्राक्षबागांतलं. मान दुखेपर्यंत बघून ती म्हणाली, "विरळणी केलेली नाही. मणी फार दाटलेत."

वरच्या मजल्यावर एक लांबच लांब दालन आहे. पावसाळी दिवसांत घरच्या बायका इथे फेऱ्या मारायच्या. त्याला गॅलरी म्हणतात कळल्यावर बाबा म्हणाले, "आपलीबी गॅलरीच हाय. खुर्ची तेवढी एक." आईने ऐकलं नाही असं दाखवलं. पडदे अर्धे खाली होते, कारण उजेडाने कापडाचा रंग उडतो. खुर्च्यांवर वाळलेली काटेरी बोंडं ठेवली होती, म्हणजे कोणी बसू नये. आई थबकलीच. "बघा, इथे कोणी कोणाला कंजूष म्हणत नाही," ती म्हणाली आणि मला त्या बोंडांचा फोटो काढायला लावला. बाबांचा चेहरा उतरला. मला त्या घराचा रागच आला.

शेवटची खोली राजाची. छतापर्यंत चढवलेला छत्रपलंग, रेशमी पडदे, जरीचं काम. राजा मुक्कामाला येणार म्हणून मालकाने हा पूर्ण भाग सजवला होता, बाई सांगत होत्या.

"राजा किती दिवस राहिला विचार," आई म्हणाली.

"आलाच नाही," बाई म्हणाल्या.

"मग कोण झोपलं?"

"कोणीच नाही. घरची माणसं मागच्या लहान खोल्यांमध्ये राहायची. तिकडे फार थंडी असते."

आईने मला पुन्हा विचारायला लावलं, माझ्या इंग्रजीवर तिचा भरवसा नसावा. उत्तर तेच आलं. मग तिने दोरीपलीकडून पलंगाकडे वाकून पाहिलं. रेशीम घडीघडीवर उभं चिरलं होतं. "न वापरताच फाटलं?" बाईंनी मान डोलावली. कापड जुनं झालं की ते असं आपोआपच जातं, म्हणाल्या.

बाहेर चहाच्या खोलीत स्कोन नावाचा छोटा गोडसर पाव घ्या, सायीसारखं जाड क्रीम आणि जॅम लावून मिळतो. बाबांनी वर आपला चिवडा काढला. एकीकडे ते बसायला पाठ असलेली उंच खुर्ची शोधत होते, आणि आई त्यांना शोधताना बघत होती.

सगळे विचारतात, तिकडून काय आणलं. चॉकलेटं संपली. फोटो फोनमध्ये आहेत. परतल्यावर पहिल्या रविवारी दुपारी मी सामान लावत होते, तर हॉलमधून कात्री चालल्याचा आवाज आला. आई सोफ्याचं प्लॅस्टिक कापत होती. ते कापडाला जागोजागी चिकटलं होतं. आतला रंग गडद लाल होता, हे आमच्यापैकी कोणालाच आठवत नव्हतं. खिडकीकडची बाजू तशीही विटली होती. त्यावरून हात फिरवून आई आत गेली. थोड्या वेळाने शोकेसची काच सरकली.

गॅलरीतून बाबांनी विचारलं, "कोण आलंय?"

"कोणी नाही," आई म्हणाली. "या आत, चहा गार होतोय."

बाबांनी पेपरची घडी घातली, कठड्याला धरून उठले आणि हॉलच्या दारात आले. निळ्या फुलांचे कप पाहून त्यांनी घरातल्या सपाता काढून भिंतीशी ठेवल्या.