बाराव्या पायरीचं थिगळ

आमचे भाऊजी पाथरवट. हात दगडावर चालतात आणि तोंड सगळ्यांवर. आमचं शंभरी ओलांडलेलं स्टेशन सध्या डागडुजीला काढलंय, पण गाड्या एक दिवसही बंद नाहीत. मी तिथेच तिकीट खिडकीवर, त्यामुळे भाऊजींचे पराक्रम मला फुकटात बघायला मिळतात.

फलाटाच्या जिन्याच्या पायऱ्या झिजून खोलगट झाल्या होत्या. इंजिनिअर बाई तिथे सिमेंटच्या घालणार होत्या. भाऊजी मध्ये पडले.

"बाई, उलट्या करून बसवतो. खालची बाजू कोरी करकरीत असते. एक जरी नवा दगड लागला, तर अख्खा जिना सिमेंटचा करा."

युक्ती मुळात आमच्या ताईची. ती शिवणकाम करते, विरलेली कॉलर उसवून उलटी लावते. भाऊजींनी ती उचलली आणि खुशाल स्वतःच्या नावावर खपवली.

दोरी बांधून अर्धा जिना बंद, उरलेल्या अर्ध्यावरून माणसं. अकरा पायऱ्या झोकात उलटल्या. बारावी उचलली आणि घात झाला. खालूनही तस्साच खळगा. कुणीतरी पूर्वीच ती उलटून ठेवली होती.

संध्याकाळी जेवताना ते भात नुसता चिवडत होते. शब्दही जाणार, जिनाही जाणार. एरवी मी त्यांची टर उडवतो, पण त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं.

ताईने मशीन थांबवलं. "दोन्हीकडून विरली म्हणून कॉलर फेकतात का? थिगळ लावायचं, त्याच कापडाचं."

"ते कुठून आणू?"

"शर्टाला आत दुमडलेलं कापड असतं. तुमच्या पायरीला नसतं?"

भाऊजी ताटावरून उठलेच. पायरीचं टोक वीतभर भिंतीत गेलेलं असतं, कुणाला न दिसणारं. दुसऱ्या दिवशी त्यातलं चार बोटं कापून त्यांनी खळग्यात बसवलं. बाईंनी हात फिरवला, मान डोलावली आणि दोरी सोडायला सांगितली.

रविवारी ताई बघायला आली. माणसं खाली न बघता भराभर चढत होती. तिने वाकून बाराव्या पायरीवरून बोट फिरवलं.

"शिवण दिसतेय," ती म्हणाली.

भाऊजींनी चक्क ऐकून घेतलं. हल्ली जिन्याचं कुणी कौतुक केलं की ते त्याला बाराव्या पायरीपाशी नेतात आणि सांगतात, "ही माझ्या बायकोने शिवलीय."