तिनं न वाचलेलं वाक्य

मुलांनी आणलेलं चांगलं लिखाण मी आधी संशयानंच वाचते. हल्ली मोबाईल मागाल ते लिहून देतो, आणि बोईसरच्या शाळेत अशा बऱ्याच चोऱ्या मी पकडल्या आहेत. त्यामुळे गटाच्या अभिवाचनासाठी दांडी या किनाऱ्यावरच्या गावातल्या मुलीनं मासेमारीवर चार पानं लिहून आणली, तेव्हा माझे कान टवकारले.

अभिवाचन म्हणजे नाटक नव्हे. हातात कागद धरून, उभ्याउभ्या, आवाज वाटून घेऊन वाचायचं. कोळगावच्या स्पर्धेत संहिता मुलांचीच हवी, अशी अट होती. ही मुलगी वर्गात कधी तोंड उघडत नाही, आणि कागदावर मात्र किनाऱ्यावर वाट बघणाऱ्या बायका जिवंत उभ्या! शेवटचं वाक्य होतं, 'सगळ्या बोटी आल्या, आमची नाही आली.' माझ्या अंगावर काटा आला आणि संशय आणखी पक्का झाला.

लिहिणाऱ्यानंच शेवट वाचायचा, हा माझा नियम. तालमीत सगळं सुरळीत चाललं, पण त्या वाक्यापाशी ती गप्प. पुन्हा घेतलं, पुन्हा गप्प. चोरी सापडली असं मला वाटलं, आणि खरं तर बरंही वाटलं.

"कुणी लिहून दिलं? खरं सांग, नाहीतर उद्या कोळगावला तू येणार नाहीस."

"मीच लिवलंय, मॅडम."

"मग वाच."

"नाय वाचनार."

उशीर होतोय म्हणून शेजारी उभ्या असलेल्या, पाम गावच्या मुलीनं कागद ओढला आणि ती ते वाक्य वाचायला लागली. दांडीच्या मुलीनं झटकन तिच्या तोंडावर हात दाबला. बाकीची मुलं हसली. ही मात्र रडायलाच लागली.

"माझा बाबा बोटीवर हाय," ती म्हणाली. "बोट दर्यात असली का आमच्यात असं कुनी बोलत नाय."

माझा संशय अजून हटेना. "मग लिहिलंस कसं?"

"तवा बाबा घरी व्हता. माझ्यासमोर जालं शिवत बसलेला."

मी पेन काढून ते वाक्य खोडायला गेले, तर तिनं कागद मागे घेतला.

"खोडू नका, मॅडम. बाबा आला का वाचीन."

कोळगावला आम्ही ते वाक्य सोडूनच वाचलं.

"शेवट अर्धवट वाटतो," परीक्षक म्हणाले.

"बोट अजून यायची आहे," मी म्हणाले.