चालताना दिलेलं उलट उत्तर

काजल मला पहिल्यांदा दिसली ती समोरच्या घराच्या गच्चीवर. ते कुटुंब नुकतंच वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीत राहायला आलं होतं. दुपारची जेवणं उरकून सगळे आडवे झालेले, आणि पोट स्पष्ट दिसू लागलेली ही मुलगी पाण्याच्या टाकीभोवती अनवाणी फेऱ्या मारत होती. चपला हातात. मला पाहताच तिनं ओठांवर बोट ठेवलं.

खाली तिच्या सासूबाई, अन्नपूर्णाबाई, झोपल्या होत्या. चपलांचा आवाज झाला असता तर त्या उठल्या असत्या.

कारण मला नंतर कळलं. काजलचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. त्याच्या दोन दिवस आधी, बुद्धपौर्णिमेला, ती विहारापर्यंत चालत गेली होती. डॉक्टरांनी चालण्याचा संबंध नसल्याचं सांगितलं, पण अन्नपूर्णाबाईंच्या मनातून ते गेलं नाही. या वेळी त्यांनी सुनेला पाण्याचा तांब्याही उचलू दिला नाही. त्यांच्या मायेत खोट नव्हती. पण आता सहाव्या महिन्यात काजलची साखर वाढली होती. जेवण झालं की चाला, पथ्य सांभाळा, पुढच्या तपासणीत कमी झाली नाही तर इंजेक्शनं सुरू करू, असं डॉक्टर म्हणाले होते. हेही बाळ जाऊ द्यायचं नाही, यावर दोघींचं एकमत होतं. एक म्हणे झोपून राहा, दुसरी म्हणे चालणारच.

काजलच्या नवऱ्यानं, निकेशनं, मध्यम मार्ग काढला. पावलं मोजणारं घड्याळ आणून त्यानं तिच्या मनगटाला बांधलं. अन्नपूर्णाबाई एक दिवस ते घेऊनच माझ्याकडे आल्या.

"पाहा बाई, हे पोरगी बसून भाकरी थापून राह्यली होती, अन् घड्याळ म्हणते चालली! मंग झालं ना चालणं? काऊन बाहेर जाते आता?"

"आई, घड्याळाची साखर कमी होईन, माही नाई," मागून काजल म्हणाली.

"पाहा, पाहा! असं उलटून बोलते!"

गल्लीच्या टोकाला राहणारी जागृती उपकेंद्रात नर्स आहे. ती त्याच आठवड्यात काजलकडे आली, तिला तपासलं आणि घड्याळ काढून ठेवायला सांगितलं. "काकू, माप तुमच्यापाशीच आहे," ती सासूबाईंना म्हणाली. "तिच्यासंगं चाला अन् बोलत राहा. तिले नीट बोलता येते, पण गाणं म्हणता येत नाई, एवढ्या चालीनं चालणं बरोबर. बोलता बोलता धाप लागली तर हळू चालाचं. चक्कर, पोटात दुखणं, अंगावर जाणं, असं काही झालं तर थांबून लगेच मले फोन करजा."

त्या संध्याकाळपासून दोघी चालू लागल्या. सुनेनं उत्तर दिलेलं अन्नपूर्णाबाईंना कधी खपत नसे. आता त्या उत्तर काढून घेण्यासाठी मुद्दाम टोमणे मारू लागल्या.

"कावं राणी, तुह्या मायनं तुले वांग्याची भाजी शिकवली नाई का वं?"

"शिकवली ना. खाणाऱ्याले चव शिकवाची राहून गेली."

"बोलते," अन्नपूर्णाबाई समाधानानं म्हणायच्या. "चाल."

माझ्या ओट्यावरून ही जुगलबंदी रोज ऐकू येई. एके दिवशी मात्र ती अचानक तुटली. अन्नपूर्णाबाई बोलून गेल्या, "अशीच तुरूतुरू गेली होती ना त्या पौर्णिमेले?" काजलचं उत्तर आलं नाही. सासूबाई घाबरल्या. दंडाला धरून त्यांनी तिला माझ्या ओट्यावर बसवलं. "धाप लागली का वं? बोल ना, काहीतरी बोल!"

मी पाणी आणलं. काजलनं ते घेतलं नाही.

"दम आहे, आई. फक्त या बोलण्याले उत्तर नाई माह्यापाशी." तिचा आवाज शांत होता. "ते बाळ मी चालल्यानं नाई गेलं. तुम्ही एकदा तुमच्या तोंडानं म्हणा. मंगच उठीन मी इथून."

अन्नपूर्णाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"नाई गेलं," त्या म्हणाल्या. "तुह्या चालण्यानं नाई गेलं. मले कोणाले तरी दोष द्याचा होता, माय."

काजल उठली. कोपऱ्यावर पोचेपर्यंत सासूबाईंनी पुन्हा वांग्याचा विषय काढला होता.

पुढच्या तपासणीत साखर उतरलेली निघाली. इंजेक्शनं लागली नाहीत. काजल शेवटच्या आठवड्यापर्यंत चालली, शेवटी शेवटी अगदी सावकाश, आणि दिवस भरल्यावर तिला मुलगी झाली.

ती मुलगी आता दीड वर्षाची आहे. काजल वर्ध्यात एका कापडाच्या दुकानात नोकरी करते आणि सकाळी पायीच जाते.