नवरा सुट्टीवर आला, आणि पिल्लू आधी धावलं

आज मला कुत्र्याच्या पिल्लाचा हेवा वाटला. हसा खुशाल.

आमचं पिल्लू चार महिन्यांचं. दारात कुणी आलं की अंगावर उड्या मारतं. म्हणून महिनाभर मी घरात नियम लावलाय: ते शांत बसेपर्यंत त्याच्याकडे कुणी बघायचं नाही.

आज सकाळी नवरा आठ महिन्यांनी फौजेतून सुट्टीवर इस्लामपूरला आला. सासूबाई दारात त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळत होत्या. बाजूला सासरे होते. मी रीतीप्रमाणे मागे उभी होते. तेवढ्यात पिल्लानं थेट त्याच्या छातीवर उडी घेतली, गाल चाटला आणि आनंदानं बॅगेवर शू केली.

"बघू नका त्याच्याकडं," मी म्हणाले.

तो उंबऱ्यातच बसला आणि पिल्लाला पोटाशी धरलं. "असू दे की गं. लय दिसांनी कुणीतरी असं भेटलंय."

"मुक्या जनावराला कसली लाज!" सासूबाई हसल्या.

मी आत गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले. त्यानं तो घेतला तेव्हा मी त्याचा हात धरला. सासरे खाकरले. तरी सोडला नाही.

तुमच्या घरात सगळ्यांसमोर नवऱ्याचा हात धरता येतो का?