डॉक्टरबाईंनी न घासलेले दात

आमच्या डॉक्टरबाई पेशंटला ‘आ करा’ म्हणण्याआधी हसायला सांगत. कोण ओठ दाबून हसतं, कोण हात आडवा धरतं, हे त्या आधी बघत.

पनवेलच्या जुन्या बाजारात पहिल्या मजल्यावर त्यांचा दातांचा दवाखाना होता. बाई बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. भावंडं कधीच इस्रायलला गेलेली. “मलाही बोलावतात,” त्या म्हणत, “पण तिथल्या लोकांना ‘घाबरू नका’ हे मी मराठीत कसं सांगू?”

माझ्या पुढच्या दोन दातांवर लहानपणापासून खडूसारखे पांढरे डाग होते. लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या सासूबाई बोलून गेल्या, “फोटोत बरं नाही दिसत.” मी बाईंकडे कॅप बसवून मागितल्या.

त्यांनी दात निरखून पाहिले. “हे दात चांगले आहेत. लेप लावू, डाग फिके होतील. पूर्ण जाणार नाहीत.”

“पण लग्न पंधरा दिवसांवर आलंय, बाई.”

त्यांनी हातातला आरसा खाली ठेवला. “कोन गावच्या एका मुलीचे दात मी असेच कॅपसाठी मशीनने घासून बारीक केले होते. मी नवीन होते आणि ती रडत होती. काही वर्षांनी दोन्ही दात मीच उपटले. आता डागासाठी मी दात घासत नाही.”

मी दुसरीकडे जाऊन कॅप बसवल्या. फोटो छान आले.

सहा वर्षांनी हिरडी सुजली, तेव्हा खाली मान घालून पुन्हा त्यांचा जिना चढले. कॅप काढल्यावर आत नुसते खुंट उरले होते. ‘सांगितलं होतं’ हे शब्द ऐकायची मी तयारी केली होती. बाई एवढंच म्हणाल्या, “दुखलं तर डावा हात वर कर.”

एक दात वाचला. दुसरा काढल्यावर त्या बराच वेळ नळाखाली हात धूत राहिल्या. “हा राहायला हवा होता,” त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या.

त्याच वर्षी भाचा येऊन त्यांना इस्रायलला घेऊन गेला. गेल्या हिवाळ्यात त्या तिकडेच वारल्या, असं दवाखान्याखालच्या चष्मेवाल्याकडून कळलं.

माझ्या मुलीला आता पुढचे नवे दात आलेत. त्यांवर तसेच डाग आहेत. शाळेत मुली चिडवतात.

“कधी जातील गं?” काल तिने विचारलं.

“फिके होतील. पूर्ण नाही जाणार.”

ती आरशापासून दूर झाली. एवढं सांगून झाल्यावर बाई मुलांशी पुढे काय बोलत, ते मी कधी ऐकलंच नव्हतं.