पुलाअलीकडचा उसाचा रस

कैरोच्या शुब्रामध्ये मुलीचं लग्न ठरलं की हॉल, बँड आणि रोषणाई कुठूनही आणता येई. गाडी मात्र उस्ता, म्हणजे उस्ताद ड्रायव्हर, झेनहोमचीच लागे. काळी, अमेरिकन, मालकाहून वयानं थोडीच लहान. कुण्या पाशाच्या वारसांनी ती विकायला काढली, झेनहोमच्या वडिलांनी घेतली. वडील गेल्यावर घर थोरल्याला आणि गाडी धाकट्याला अशी वाटणी झाली. आपण फसवले गेलो, असं थोरल्याला अजून वाटतं.

झेनहोम आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. बोलणं बेताचं, मिशी बेताची, आणि गाडीत बसला की पाठ अशी ताठ, जणू मागे पाशाच बसलाय. त्यानं शुब्राच्या निम्म्या मुली नदीपलीकडे पोचवल्या. आणि जवळजवळ प्रत्येक मुलीला पुलाअलीकडच्या चौकात, रसवाल्या मुअल्लिम फरगच्या दुकानासमोर, उसाचा रस पाजला.

हे का, ते सांगायला हवं.

त्या गाडीचा पेट्रोलपंप इंजिनलाच चिकटवलेला आहे. उन्हाळ्यात पुलाच्या चढापाशी गाड्यांची रांग लागते, इंजिन तापतं, पंप तापतो आणि नळीतल्या नळीत पेट्रोल उकळून त्याची वाफ होते. वाफेवर गाडी चालत नाही. मग ती एक उचकी देते, दुसरी देते आणि उभी राहते. ओलं गोणपाट पंपावर गुंडाळायचं, वर बर्फाचं पाणी ओतायचं आणि थांबायचं, एवढाच त्यावर उपाय. बर्फ, पाणी आणि गोणपाट या तिन्ही गोष्टी त्या चौकात एकट्या फरगकडे होत्या.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा मागे नवरी, मागच्या गाडीत तिचा खाटीक बाप, आणि बापाच्या कपाळावर आठ्या. झेनहोम लाजेनं इतका गोठला, की आयुष्यात पहिल्यांदा त्याला काही सुचलं. तो म्हणाला, ही गाडी पाशाच्या वेळेपासून इथं थांबते. नवरीनं नदी ओलांडण्याआधी तोंड गोड करावं, ही हिचीच सवय आहे. खाटकानं गाडीकडे पाहिलं. एवढी मोठी गाडी खोटं बोलेल असं त्याला वाटलं नाही. सगळ्यांनी रस प्यायला, तेवढ्यात पंप निवला.

त्या मुलीला वर्षाच्या आत जुळे मुलगे झाले.

एवढ्यावरही गोष्ट विसरली गेली असती. पण पुढच्या जानेवारीत एका मुलीला नेताना गाडी थांबलीच नाही. थंडीच होती, थांबेल कशाला? ती मुलगी उन्हाळ्याआधी बॅग घेऊन बापाच्या दारात परत आली. तिचा नवरा दारूडा आहे हे अख्ख्या गल्लीला लग्नाआधीपासून माहीत होतं. तरी दोष गेला गाडी न थांबण्याकडे. तेव्हापासून झेनहोमला थंडीत कुणी बोलावेना. कलिंगडवाल्यासारखा तो उन्हाळ्यावर जगू लागला.

लोकांचा नियमही हळूहळू पक्का होत गेला. गाडी थांबवलेली चालत नाही. ती आपणहून थांबली पाहिजे.

खरं काय ते तिघांनाच ठाऊक होतं. झेनहोमला, बर्फ देणाऱ्या फरगला आणि गोणपाट वाळत घालणाऱ्या बहीगाला, म्हणजे झेनहोमच्या बायकोला. ड्रायव्हरांच्या कॉफीखान्यात मात्र अंदाज होता. झेनहोम आत शिरला की कोणीतरी हुक्क्यातून तोंड न काढता विचारी, "काय उस्ता, म्हैस पाणी प्याली का?" ड्रायव्हर माणसाची गाडी रस्त्यात बंद पडते, आणि लोक त्याबद्दल त्याला दुवा देतात, हे त्याला आतून खात होतं.

मग त्याच्या स्वतःच्या मुलीचं, रबाबचं, लग्न ठरलं. मुलगा नदीपलीकडचा, इंबाबाचा. मुहूर्त ऑगस्टचा.

झेनहोमनं ठरवलं, या वेळी गाडी थांबणार नाही. एकदा, फक्त एकदा, ताठ पाठीनं पूल ओलांडायचा, आणि तोही मागे आपली लेक असताना. त्याला दुसरं काही नको होतं.

बहीगा त्याला लेकीच्या नावानं हाक मारी; कांदा चिरता चिरता ती म्हणाली, "अबू रबाब, अख्ख्या जगाच्या पोरींना थांबलात. आपल्याच पोरीला नाही थांबलात तर तिची सासू काय म्हणेल?"

"सासू मागच्या गाडीत असेल," झेनहोम म्हणाला. "म्हणायचं ते तिथं म्हणेल."

त्यानं करमला बोलावलं. करम आमच्याच गल्लीतला गाड्यांचा वायरमन. हात चांगला, घाई वाईट. त्यानं सांगितलं, जुना पंप आहे तिथं राहू दे, मागे टाकीशेजारी विजेवरचा एक छोटा पंप जोडू. जुना तापतो कारण तो लांबून ओढतो. नवा मागून ढकलेल. ढकललेलं पेट्रोल सहजी उकळत नाही. झेनहोमला हे पटलं. गाडीखाली पाशाच्या काळात नसलेली वस्तू बसणार म्हणून त्याला थोडं वाईट वाटलं, आणि नमाजाची वेळ झाली म्हणून तो मशिदीत गेला. परत आला तेव्हा काम झालेलं होतं. करमनं किल्ली फिरवली. मागून टिकटिक ऐकू आली, घड्याळासारखी. वेगळं बटण नव्हतं. किल्लीबरोबर चालू, किल्लीबरोबर बंद.

"विसरायची भीती नाही," करम म्हणाला. घाईत केलेल्या कामाची तो नेहमी अशीच बाजू मांडतो.

लग्नाच्या दिवशी अशी उष्णता होती की नवरदेवाच्या कोटाची इस्त्री बसल्या जागी मोडली. पुढे झेनहोमची गाडी, तीत रबाब आणि नवरदेव. मागे सासूबाई, हज करून आलेली हग्गा तफीदा. तिच्यामागे आम्ही. माझी बहीण माझ्या शेजारी होती. तीही याच गाडीनं, याच रस्त्यानं सासरी गेलेली, चार लेकरांची आई. हॉर्न लग्नाच्या ठेक्यावर वाजत होते. झेनहोमच्या गाडीला खास लग्नासाठी बसवलेला तीन सुरांचा भोंगा होता, पण त्या दिवशी तो जपून वाजवत होता. त्याचं लक्ष इंजिनकडे होतं.

चौक आला. फरग इस्त्रीचा झब्बा घालून दारात उभा, हातात परात, परातीत रसाचे पेले, प्रत्येक पेल्याला गुलाबी रिबीन. पंपाचं झेनहोमनं त्याला सांगितलं नव्हतं. गाडी रांगेत हळूहळू पुढे सरकली, दुकानासमोर आली आणि दुकानासमोरून गेली. फरग परात घेऊन चार पावलं गाडीबरोबर चालला. मग थांबला. आपली दाढ काढायला बसावं आणि डॉक्टरानं शेजाऱ्याची काढावी, तसं त्याचं तोंड उघडं राहिलं.

गाडी पुलाच्या चढावर होती. झेनहोमची पाठ, मला मागून दिसत होती, इतकी ताठ मी कधी पाहिली नाही.

हग्गा तफीदाची गाडी त्याला आडवी गेली. हग्गा उतरली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"थांबली का नाही?"

झेनहोमनं काच खाली केली. "हग्गा, गाडी चांगली चाललीय."

"मी ते विचारत नाही. माझ्या जावेला थांबली. माझ्या भाचीला थांबली. त्या पोस्टमनच्या तिरळ्या पोरीलासुद्धा थांबली. माझ्या सुनेला का नाही थांबली?"

मागे ट्रक, बस, गाढवाची गाडी, सगळं अडकलं. झेनहोम खाली उतरला आणि त्यानं, माझ्या मते, त्या पुलावर आजवर झालेली सर्वांत मोठी चूक केली. त्यानं खरं सांगितलं. पंप, वाफ, गोणपाट, फरगचा बर्फ, खाटकापुढची लाज, सगळं. तो इतकं सलग बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

हॉर्न थांबले. बसमधली माणसं खिडकीतून बाहेर वाकली. मी बहिणीकडे पाहिलं.

"म्हणजे माझं लग्न," ती हळू म्हणाली, "वाफेवर झालं?"

तिचा नवरा शेजारीच होता. त्याच्याकडे ती ज्या नजरेनं पाहू लागली, ती मला बरी वाटली नाही.

हग्गा मात्र सगळ्यांत आधी सावरली. ती म्हणाली, पोरीचा बाप आहे, उन्हात डोकं फिरलंय. पाशाच्या गाडीवर असा आळ घेणाऱ्याला देव माफ करो. पण गाडी थांबल्याशिवाय ही मुलगी नदी ओलांडून माझ्या घरात येणार नाही, आणि आली नाही तर मी तिच्यासाठी ताटकळणारही नाही. नवरदेवानं तोंड उघडलं. आईनं पाहिल्यावर मिटलं. रबाब मागच्या सीटवर फुलांचा गुच्छ घट्ट धरून बसली होती. ती रडत नव्हती. बापाकडे बघत होती, एवढंच. झेनहोमला तेवढं पुरलं.

"परत फिरवतो," तो म्हणाला.

"फिरव. पण मी पुढे बसणार. तुझा पाय ब्रेककडे गेला, हात किल्लीकडे गेला, तर मी बघतेय."

अशी ती वरात चढावरून उलटी फिरली. कैरोतच हे जमतं. मग चौकाला फेऱ्या सुरू झाल्या. स्टिअरिंगवर झेनहोम, शेजारी त्याच्या बुटांवर नजर लावून हग्गा, मागे नवरा-नवरी. करमचा पंप इमानदारीनं पेट्रोल ढकलत होता. गाडी इतकी सुरेख चालत होती की बघवेना. झेनहोमच्या मानेवरून घाम वाहत होता. थांबायला सांगावं तर ती थांबवलेली ठरणार. चालू ठेवावी तर पोरगी बापाच्या घरी परत. फरगच्या पेल्यांतला बर्फ विरघळत होता.

चौकातल्या लोकांना हे नाटक समजायला वेळ लागला नाही. बाल्कन्या भरल्या. कुणीतरी ठेका धरला, मग सगळ्या गाड्यांनी पुन्हा हॉर्न धरले. हग्गा ओरडली, तूही वाजव, मुलीचा बाप आहेस, मयताला आला नाहीस. झेनहोमनं तळहात भोंग्यावर दाबला आणि काढलाच नाही. मला वाटतं, ओरडता येत नव्हतं म्हणून तो भोंगा दाबून बसला. त्या गोंगाटात कोणाचा हॉर्न वाजतोय आणि कोणाचा नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

आणखी फेऱ्या झाल्या. किती, कुणी मोजल्या नाहीत. मग गाडीनं उचकी दिली. दुसरी दिली. आणि फरगच्या दारापासून हातभर पुढे उभी राहिली.

हग्गानं आधी झेनहोमच्या पायांकडे पाहिलं. ते जागच्या जागी होते. मग ती खिडकीतून मान काढून म्हणाली, "थांबली." जसं काही तिनंच ती बनवली होती.

बायकांनी जीभ हलवून असा उलूध्वनी केला की कबुतरं उडाली. फरग धावला. माझ्या बहिणीनं डोळे पुसले आणि नवऱ्याला बुंध्यापासून शेंड्यापर्यंत न्याहाळून परत स्वीकारलं. झेनहोम उतरला, त्यानं बॉनेट उघडलं आणि नुसताच उभा राहिला. फरगनं सवयीनं गोणपाट पुढे केलं, त्यानं ते घेतलं नाही. तो पांढराफटक पडला होता. ओठ हलत होते. इतकी वर्षं ही गाडी का थांबते हे अचूक माहीत असलेला माणूस त्या चौकात उभा होता, आणि आज ती का थांबली हे त्याला माहीत नव्हतं. रबाबनं आपला अर्धा पेला त्याच्या हातात दिला. त्या दुकानातला रस तो पहिल्यांदा प्यायला.

फरगनं मग स्वतःच पाणी ओतलं. गाडी चालू झाली आणि पूल ओलांडून गेली.

दुसऱ्या दिवशी मी जिन्यातून उतरत होतो. झेनहोम गाडीला टेकून उभा, चेहरा असा शांत की मी सलाम करायचाच विसरलो. एवढ्यात करम बॅटरीची पेटी घेऊन आला, डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि जळलेला फ्यूज घेऊन बाहेर आला.

"हे बघा उस्ता. पंपाची वीज मी भोंग्याच्याच फ्यूजवरून घेतली होती, तेच हाताशी होतं. तुम्ही भोंगा दाबून बसलात, फ्यूज गेला, पंप गेला. मग जुना पंप एकटा पडला आणि तापला. म्हटलं ना, गाडीत काही दोष नाही. वेगळी तार टाकतो, आता पुन्हा थांबणार नाही."

झेनहोम त्या फ्यूजकडे बघत राहिला. काल चौकात त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता. आज तो पुन्हा उडालेला मी पाहिला, पण उलट्या कारणानं: काल कारण सापडेना म्हणून, आज सापडलं म्हणून.

"तुला कुणी विचारलं होतं?" तो म्हणाला.

करम गोंधळला. तो म्हणाला, चूक माझी, म्हणून सांगायला आलो.

झेनहोमनं फ्यूज त्याच्या हातातून घेतला, खिशात टाकला आणि गाडीचं दार हळूच लावलं.

"भोंगा दुरुस्त कर," तो म्हणाला. "पंपाच्या तारेला हात लावू नकोस."