जाळी

लालीबाई कळंबजवळच्या तांड्यातली. घरधनी सेवादास जिनिंगमध्ये होता. कापसाचं बिनसलं तसं जिनिंगला कुलूप लागलं आणि ही लॉलीपॉपच्या कारखान्यात लागली. तिथे पाकाचा गोळा ओढून त्याची दोरी करायची, साच्यात गोळी पडायची, तिच्यात काडी खुपसली जायची आणि शेवटच्या मशीनवर कागद गुंडाळून पीळ बसायचा. ते शेवटचं मशीन लालीबाईचं. मिनिटाला तीनशे गोळ्या. आवाजावरून तिला कळायचं की आता काडी अडकणार.

काडी अडकली की मशीनभोवतीच्या लोखंडी जाळीचं दार उघडायचं. दार उघडलं की मशीन आपोआप थांबायचं, कारण दाराखाली तसं एक बटण होतं. अर्धं मिनिट जायचं. हे अर्धं मिनिट व्यवस्थापक नंदकिशोर यांच्या डोळ्यांत खुपलं. यवतमाळच्या कचेरीवाल्या घरातला माणूस, हाताला कधी ग्रीस लागलेलं नाही. त्यांनी जाळीच काढून टाकली, बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं आणि चालत्या मशीनमधून काडी उपसायला सांगितलं. जाळी गेली मागच्या अंगणात, साहेबांच्या गुलाबाच्या रोपांना शेळ्यांपासून जपायला. रोपांची काळजी होती माणसाला!

महिन्याभरातच कागदाला पीळ देणाऱ्या चिमट्यात लालीबाईची बांगडी अडकली. तांड्यातली सवाशीण दंडापर्यंत पांढऱ्या बलिया घालते, आणि त्या उतरतात नवरा गेल्यावरच. एक बलिया फुटली, मनगट सोलून निघालं. साहेब धावत आले, रक्त पाहिलं, आणि जाळी परत लावायचं सोडून म्हणाले की उद्यापासून मशीनवर बांगड्या चालणार नाहीत, सगळ्या काढून यायच्या.

लालीबाईच्या मस्तकात तिडीक गेली. "माहा नवरा जिता हाय, साहेब," ती म्हणाली. "बलिया नाही निघत. जाळी लावा."

साहेबांनी वाद घातला नाही. हसले. लालीबाईला पेट्या भरायला बसवलं आणि दोन दिवसांनी मशीनवर नवी बाई आणली. नवी कसली, लालीबाईची धाकटी जाऊ अंजू. तिचा नवरा धावजी मागच्या कपाशीच्या हंगामात गेला होता. त्या वर्षांत तांड्यातांड्यांत मोकळ्या दंडांच्या बाया वाढल्या होत्या, आणि या गृहस्थांना त्यात सोय दिसली. बांगडीच नाही, तर अडकणार काय? असं त्यांनी सगळ्यांसमोर बोलूनही दाखवलं.

पेट्या भरता भरता लालीबाईनं पाहिलं, अंजूचा उघडा हात चालत्या चिमट्यांत शिरला, काडी घेऊन बाहेर आला, पुन्हा शिरला. ती उठली. भिंतीवरचा मोठा खटका तिनं खाली ओढला. सगळा कारखाना गप्प झाला. ती अंगणात गेली, गुलाब तुडवत जाळी उपटून आणली आणि अवजारांच्या पेटीतला पाना काढून स्वतः बोल्ट आवळायला बसली. चिकटपट्टीही तिनंच ओरबाडून फेकली.

साहेब ओरडत आले. अंजूच्या हातात तर काहीच नाही, मग हिला काय धाड भरली, असं विचारू लागले.

"बलिया नाही," लालीबाई वर न बघता म्हणाली, "पण हात तं हाय ना तिले."

साहेबांनी तिला तिथल्या तिथे कामावरून काढलं. बोल्ट पुरते आवळून झाल्यावरच ती उठली. जाताना पाना तिनं अंजूच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या माणसानं लालीबाईला आत सोडलं नाही. ती घरी गेली नाही, फाटकाशीच उभी राहिली. आत मशीन सुरू झालं. थोड्या वेळानं थांबलं, अर्ध्या मिनिटानं सुरू झालं, पुन्हा थांबलं. साहेब जाळी काढायला कारखानाभर पाना शोधत फिरत होते, ज्याला त्याला विचारत होते. अंजू मान खाली घालून काड्या काढत होती, आणि पाना तिच्या कमरेला खोचलेला होता.